गुळवेल, प्रयोगशाळा आणि आपण

(मंचाच्या मिल्टन कीन्स येथील बैठकीत केलेले भाषण)



वनस्पतींचे अर्क तपासणे हा माझ्या कामाचा भाग आहे. त्यामुळे ओळखीची मंडळी हमखास विचारतात, "अमुक वनस्पतीचे गुण आता शास्त्रज्ञांनीही सिद्ध केलेत ना?" त्यावर माझा उलट प्रश्न असतो : काय सिद्ध झाले, कशावर आणि किती मात्रेत?

प्रयोगशाळेत अर्क काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर घालतात आणि काय बदलते ते पाहतात. पण बशीतल्या पेशीला आतडे नसते, यकृत नसते. हळदीतले कर्क्युमिन बशीत जवळजवळ प्रत्येक चाचणी उत्तीर्ण होते. मात्र ते पाण्यात टिकत नाही, रक्तात फारच थोडे पोचते आणि स्वतः चमकत असल्यामुळे काही चाचण्यांना चक्क फसवते. २०१७ साली 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त आलेल्या आढाव्यात माणसांवरील १२० हून अधिक चाचण्यांचा हिशेब मांडला होता. रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही खरे औषध कोणते हे माहीत नसलेल्या चाचण्यांपैकी एकही यशस्वी ठरलेली आढळली नाही.

म्हणून परंपरा टाकाऊ आहे का? मुळीच नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली त्या इथल्याच 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापल्या. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले. पुढे त्याने काहींना नैराश्य येते हेही कळले, आणि त्याहून चांगली औषधे आल्यावर ते मागे पडले. परंपरेने दिशा दाखवली, गुण आणि दोष दोन्ही मात्र मोजमापाने कळले.

आता गुळवेल. त्याच केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर वर्षानुवर्षे काम केले. आपल्यापैकी अनेकांना त्या झाडाफुलांवरच्या लेखनामुळे ठाऊक आहेत. पित्तनलिका अडल्याने कावीळ झालेल्या ३० रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. ठरावीक मात्रेत गुळवेल दिलेल्या गटात जंतुसंसर्ग कमी दिसला. रुग्ण थोडे, आजार एक, देखरेख रुग्णालयाची. निष्कर्षही तेवढ्यापुरताच होता.

पण २०२० साली करोना आला आणि "प्रतिकारशक्ती वाढवते" एवढेच चार दिशांना पसरले. आयुष मंत्रालयाच्या सल्ल्यांतही गुळवेल होती. निरोगी माणसे रोज काढा पिऊ लागली. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद छापली. मंत्रालयाने आक्षेप घेतला, वनस्पती दुसरीच असेल असे सुचवले. प्रश्न रास्त होता, कारण गुळवेलीसारखे दिसणारे वेल आहेत. २०२२ साली भारतातील १३ केंद्रांतून ४३ रुग्णांचा अभ्यास आला. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटण्याचा सुप्त आजार गुळवेल काहींमध्ये उघड करते, असे त्यातील डॉक्टरांचे म्हणणे आहे.

इथे मुद्दा लक्षात घ्या. प्रतिकारशक्तीला चेतवणे हा ज्याला गुण म्हणतो, तोच दुसऱ्या शरीरात दोष ठरू शकतो. "नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?" हे वाक्य म्हणूनच पोकळ आहे. जे काही करते, ते अपायही करू शकते.

ब्रिटनमध्ये वनौषधींच्या खोक्यावर 'टीएचआर' ही खूण दिसते. ती असेल तर दर्जा आणि सुरक्षितता तपासलेली असते. गुण मात्र ३० वर्षांच्या पारंपरिक वापरावरून मान्य केलेला असतो, रुग्णांवरील चाचणीतून नव्हे. आणि भारतातून सामानात आलेल्या चूर्णाच्या पिशवीवर तर तीही खूण नसते.

तेव्हा तीन गोष्टी करा. "सिद्ध झाले" असे वाचले की पेशींवर, उंदरांवर की माणसांवर, हे विचारा. आपण आणि भारतातले आईवडील काय काय घेतो, ते डॉक्टरांना न लाजता सांगा. थायरॉईड, मधुमेह, यकृताचे विकार असतील तर नक्कीच. आणि त्रास झाला तर 'एमएचआरए'च्या यलो कार्ड योजनेत कळवा, वनौषधींसाठीही ती खुली आहे. मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद केली नसती, तर त्रेचाळीस जणांचा शोध कोणी घेतला असता?