‘व्यवसाय’च्या रकान्यात काय लिहायचं?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘मुलींचं करिअर’. मी अजून स्वतःच शिकतेय, म्हणून उपदेश करत नाही. माझीच एक चूक सांगते.

एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला होते. फील्डवर्कसाठी पांढरकवड्याकडच्या एका गावात फॉर्म भरत फिरत होते. एका घरी नवरा वारलेला, दोन लेकरं, चार एकर कोरडवाहू. ‘व्यवसाय’च्या रकान्यात मी न विचारताच ‘गृहिणी’ लिहिलं. फॉर्म वाचून दाखवला तशा त्या काकू म्हणाल्या, “काहून वं पोरी, पेरणं, निंदणं, वेचणं सारं माह्यावर. अन् कागदावर मी घरीच बसतो काय?”

मला काही बोलताच आलं नाही. तसेच चाळीस फॉर्म आधी भरून झाले होते.

त्याच महिन्यात कॉलेजच्या ग्रंथालयात एक पुस्तक हाती आलं. पी. साईनाथ या पत्रकाराचं, मराठीत ‘दुष्काळ आवडे सर्वांना’. मूळ इंग्रजी पुस्तक १९९६ चं. हा माणूस मुंबईत ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात वरच्या पदावर होता. १९९३ साली ती खुर्ची सोडली आणि देशातल्या सगळ्यात गरीब जिल्ह्यांत फिरायला निघाला, त्यातलं काही अंतर पायीही. पुढे हेच साईनाथ आपल्या यवतमाळात, विदर्भात परत परत आले. शेतकरी आत्महत्येच्या घरांत जाऊन बसले, लिहिलं. २००७ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मी त्यांना कधी भेटले नाही. पण त्यांच्या कामातून तीन धडे घेतले, ते तुमच्या मुलींच्याही उपयोगाचे आहेत.

पहिला धडा, जिथे कुणी जात नाही तिथे जा. २००६ साली मुंबईत मोठा फॅशन सोहळा झाला, विषय होता सुती कपडा. साईनाथांनी मोजलं, त्याच्या बातमीसाठी ५१२ पत्रकारांची नोंद होती. आणि तो कापूस पिकवणारे आपल्याकडे मरत होते, तेव्हा इथे बाहेरचे पत्रकार बोटावर मोजण्याइतके. आपल्या गटातही असंच होतं. बैठकीला जी येते तिचंच ऐकतो. जी तीन महिने आली नाही तिच्या दारात कोण जातं?

दुसरा धडा, मोजणीत कोण सुटलं ते बघा. साईनाथांनी दाखवून दिलं की शेतकरी आत्महत्यांच्या आकड्यांत बायका फार कमी दिसतात. कारण जमीन तिच्या नावावर नसते. ती दिवसभर वावरात राबली तरी नोंद होते ‘गृहिणी’. हे वाचलं तेव्हा त्या काकू आठवल्या. जे मोठ्या सरकारी आकड्यात होत होतं, तेच मी एका गावात, निळ्या पेननं करत होते.

तिसरा धडा, ऐकीव लिहू नका. तारीख, रक्कम, नाव विचारून लिहा. आपलं कार्यवाही रजिस्टर हेच शिकवतं. ज्या बाईला रजिस्टर नीट लिहिता येतं, तिला बातमीही लिहिता येते. अतिशयोक्ती करत नाहीये मी. उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ पासून ‘खबर लहरिया’ हे वृत्तपत्र गावातल्या बायांनी चालवलं, त्यात दलित बाया पुढे होत्या. आता त्या मोबाईलवर बातम्या करतात. त्यांच्यावरची फिल्म २०२२ मध्ये ऑस्करच्या स्पर्धेपर्यंत गेली. म्हणून पोरगी म्हणाली ‘मला पत्रकार व्हायचं’, तर ‘ते शहरातल्या लोकांचं काम’ असं म्हणू नका. ती नर्स झाली, ग्रामपंचायत अधिकारी झाली, बँक सखी झाली, तरी विचारणं, मोजणं, खरं लिहिणं हे तिन्ही लागणारच.

त्या काकूंकडे मी परत गेले. फॉर्म खोडून ‘शेतकरी’ लिहिलं. वाटलं, झालं काम. मग सातबारा मागितला, तर त्यावर अजून वारलेल्या नवऱ्याचंच नाव. पेन माझ्या हातात होता म्हणून फॉर्म बदलला. सातबारा तसा बदलत नाही. मृत्यूचा दाखला काढून तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज केला. चार चकरा झाल्या, सोबत गटाच्या दोघी गेल्या. फेरफार मंजूर झाला तेव्हा काकूंनी नाव दोनदा वाचून घेतलं.

आता तुमच्यासाठी घरचा अभ्यास. पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं घरचा सातबारा आणायचा. कुणाचं नाव आहे ते सगळ्यांनी मिळून वाचायचं. नवरा वारला असेल तर हिंदू वारसा कायद्यानं त्याच्या वाट्याच्या जमिनीत बायको, मुलगा, मुलगी आणि त्याची आई, सगळ्यांना सारखा हिस्सा आहे. वारस नोंदीचा अर्ज लगेच करायचा. ‘दीर बघून घेईल’ म्हणून थांबायचं नाही. नवरा हयात असेल तर ‘लक्ष्मी मुक्ती’ची सोय १९९२ पासून आहे. नवऱ्यानं राजीखुशीनं अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. राजीखुशीनं, म्हणजे घरी बोलावं लागेल. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

आणि शेवटचं. उद्या माझ्यासारखी एखादी पोरगी फॉर्म घेऊन दारात येईल. घाईत ‘गृहिणी’ लिहील. तिच्यावर रागवू नका, पण तिचा पेन थांबवा. तिलाही शिकायचंच आहे.