लक्ष्मी खोऱ्याचा तळ

रायगडमधल्या माणगावच्या डोंगरांत जो काळा कातळ दिसतो, त्याचे थर किनाऱ्याला येऊन संपत नाहीत. ते समुद्राखालीही गेलेले आहेत. रायगडसमोरची समुद्रबूड जमीन चांगलीच रुंद आहे. तिथली खोली वावांत मोजता येते आणि कोळ्यांना ती तशीच ठाऊक असते. पुढे उतार सुरू होतो. किनाऱ्यापासून सुमारे पावणेपाचशे किलोमीटरवर, साडेतीन किलोमीटरहून अधिक खोलीवर, लक्ष्मी खोरे पसरले आहे.

एवढ्या खोलीवर दोरी निकामी ठरते. मोजमाप आवाजाने करावे लागते. जहाजाच्या बुडाला बसवलेला मल्टिबीम एको साउंडर शेकडो ध्वनिझोत एकदम खाली आणि दोन्ही बाजूंना सोडतो. खाऱ्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1500 मीटर. म्हणजे 3600 मीटरवरून प्रतिध्वनी परतायला जवळजवळ पाच सेकंद लागतात. हिशेब सोपा दिसतो, पण तापमान आणि क्षारता बदलली की वेगही बदलतो. म्हणून आधी पाण्यात उपकरण सोडून थराथरातला वेग काढतात. तो चुकला, तर सपाट तळ नकाशात कडेला वाकलेला दिसतो.

दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या खोऱ्यातल्या सागरी पर्वतांचा अभ्यास केला. त्यांना चंद्रशेखर व्यंकट रमण, भूवैज्ञानिक दाराशा वाडिया आणि संस्थेचे पहिले संचालक पणिक्कर यांची नावे आहेत. वाडिया पर्वताचा माथा सपाट आहे. पायथे मात्र गाळात गडप झालेले. हा गाळ सह्याद्रीच्या आखूड नद्यांचा असेल असे वाटते; पण त्याचा मोठा वाटा सिंधू नदीने हिमालयाकडून आणलेला आहे. 2015 साली ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ या जहाजाने इथे दोन ठिकाणी सुमारे 1100 मीटर खोल छिद्रे पाडली. त्यांपैकी एकात गाळाखाली बसाल्ट लागला.

जहाजावरून काढलेल्या नकाशाला मर्यादा आहे. एक अंशाचा ध्वनिझोत 3600 मीटरवर पोहोचेपर्यंत साठेक मीटर रुंद होतो. त्याहून लहान वस्तू त्यात हरवतात. बारकावे हवे असतील तर यंत्रच खाली न्यावे लागते, आणि तिथे ना रेडिओलहरी पोहोचतात ना उपग्रहाचा संकेत. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने 2010 मध्ये ‘रोसब 6000’ हे तारेने जोडलेले यंत्र 5289 मीटरपर्यंत उतरवले. 2021 मध्ये मध्य हिंदी महासागरात ‘वराह’ हे खाणयंत्र 5270 मीटरवर तळावर चालवून पाहिले.

माणसांना नेणाऱ्या ‘मत्स्य 6000’ या पाणबुडीची बंदरातल्या पाण्यातली चाचणी 2025च्या सुरुवातीला कट्टुपल्लीला झाली. तिला जिथे उतरायचे आहे त्या सहा किलोमीटर खोलीवर दाब हवेच्या सुमारे 600 पट असतो. त्यासाठी तिघांची बैठक 80 मिलिमीटर जाडीच्या टायटॅनियमच्या गोलात योजलेली आहे. एका बुडीला बारा तास धरले आहेत. अडचण आली तर श्वासाची सोय 96 तासांची.