मुलांचा ताबा आणि मध्यस्थी

पती-पत्नी विभक्त होताना मूल कोणाकडे राहील आणि दुसऱ्या पालकाला कधी भेटेल, हे प्रश्न खटला न लढवता मध्यस्थीनेही सुटू शकतात. मध्यस्थ निकाल देत नाही. दोघांशी एकत्र आणि वेगवेगळे बोलून त्यांनाच तोडग्यापर्यंत आणतो. तिथले बोलणे गोपनीय राहते, पुढे खटल्यात ते पुरावा म्हणून चालत नाही.

तोडगा जितका तपशीलवार, तितका टिकाऊ. 'सुटीत मूल वडिलांकडे' एवढे लिहून भागत नाही. दिवाळीचे कोणते दिवस, गणपतीत गावी कोण नेणार, आणायला-सोडायला कोण जाणार, शाळेची फी कोण भरणार, व्हिडिओ कॉल किती वाजता, हे सारे कागदावर हवे. आजी-आजोबांच्या भेटीचे तर हमखास राहून जाते, आणि मग त्यावरूनच पुन्हा वाजते.

अर्थात, करार झाला म्हणजे न्यायालय पूर्ण टळले असे नाही. घटस्फोटाच्या अर्जासोबत या अटी न्यायालयापुढे ठेवाव्या लागतात. आईवडिलांचे एकमत असले तरी न्यायालय मुलाचे हित पाहते. १८९०च्या पालक व पाल्य कायद्यातही कसोटी हीच आहे. मूल मोठे झाले, कोणाची बदली झाली, तर अटी बदलून घेता येतात.

घरात मारहाण किंवा धाक असेल, तर मात्र समोरासमोरची बोलणी योग्य नव्हेत. तिथे आधी न्यायालयाचे संरक्षण घ्यावे.

समेटाचा प्रयत्न करणे हे १९८४च्या कायद्याने कुटुंब न्यायालयाचे कर्तव्यच ठरवले आहे. दावा दाखल करण्यापूर्वीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीसाठी अर्ज करता येतो.