पोटफुगी : प्रतिजैविके आणि प्रोबायोटिक्स



पोट तट्ट फुगते, संध्याकाळी कपडे घट्ट होतात, तरीही रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी यांत काहीच सापडत नाही, अशा अवस्थेला कार्यात्मक पोटफुगी म्हणतात. येथे बिघाड अवयवाच्या रचनेत नसून त्याच्या कामकाजात असतो. २०१६ च्या रोम-४ निकषांनुसार ही तक्रार गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस असावी, निदानापूर्वी किमान सहा महिने तिची सुरुवात झालेली असावी आणि इरिटेबल बॉवेल सिंड्रोम किंवा कार्यात्मक बद्धकोष्ठाचे निकष रुग्णाला लागू होत नसावेत.

रुग्ण ‘गॅसेस झालेत’ म्हणून येतो आणि चिठ्ठीही बहुधा त्याच गृहीतकावर लिहिली जाते. बार्सिलोनाच्या संशोधकांनी पोट फुगलेले असताना सीटी स्कॅन काढले, तेव्हा अशा रुग्णांच्या आतड्यांतील वायू जेमतेमच वाढलेला आढळला. श्वासपटल मात्र खाली सरकले होते आणि पोटाचा पुढचा स्नायुपडदा सैल पडला होता. निरोगी माणसात पोटातील आकारमान वाढले की श्वासपटल वर जाते आणि पोटाचे स्नायू आवळतात. येथे हा क्रम उलटतो. अशा रुग्णाला श्वसनाचे प्रशिक्षण उपयोगी पडू शकते, प्रतिजैविकाने जंतू मारून त्याचे श्वासपटल वर जाणार नाही.

तरीही प्रतिजैविकांचा विचार निराधार नाही. डाळी-कडधान्यांतील रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील जंतू त्या आंबवतात आणि हायड्रोजन तयार होतो. आतड्यातून रक्तात जवळजवळ न शोषले जाणारे रिफॅक्सिमिन हे प्रतिजैविक म्हणूनच पुढे आले. बैरूतमध्ये झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२४ रुग्णांपैकी निम्म्यांना ते रोज दोनदा ४०० मिलिग्रॅम याप्रमाणे दहा दिवस दिले गेले. ४१ टक्क्यांना आराम पडला, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत २३ टक्क्यांना. उपचार थांबवून दहा दिवस लोटल्यावर हे प्रमाण २९ आणि ११ टक्क्यांवर उतरले. २०११ च्या दोन मोठ्या अमेरिकी चाचण्यांत पोटफुगीवरील फरक सुमारे दहा टक्क्यांचाच होता, आणि ते रुग्ण निव्वळ पोटफुगीचे नसून बद्धकोष्ठ नसलेल्या इरिटेबल बॉवेल सिंड्रोमचे होते, हे सोयीस्करपणे विसरले जाते. लाभ खरा आहे. पण दहा जणांत एकाच्या पदरी जास्तीचा पडणारा.

त्याची किंमतही मोजावी लागते. रिफॅक्सिमिन हे क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनच्याच कुळातील आहे, त्यामुळे एकाला जंतूंनी केलेला प्रतिरोध दुसऱ्यालाही भोवण्याची शंका राहते. शिवाय २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार रिफॅक्सिमिनमुळे एंटेरोकॉकस जंतूंत डॅप्टोमायसिन या राखीव औषधालाही न जुमानण्याची क्षमता निर्माण होऊ शकते. क्षयरोगाचा मोठा भार असलेल्या आपल्या देशात पोट गच्च वाटते म्हणून ते वारंवार देणे समर्थनीय नाही.

प्रोबायोटिक्स, म्हणजे पुरेशा प्रमाणात घेतल्यास लाभ देणारे जिवंत जंतू, यांचे प्रकरण अधिक विस्कळीत आहे. लाभ हा विशिष्ट वाणाचा असतो, सरसकट पुडीचा नव्हे. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये इरिटेबल बॉवेल सिंड्रोमसाठी ती चाचण्यांपुरतीच वापरावीत अशी शिफारस केली. प्रतिजैविक आणि प्रोबायोटिक एकाच चिठ्ठीवर लिहिण्याच्या रूढ प्रथेत तर गुण नेमका कशाने आला हे वैद्यालाही कळत नाही. त्यामुळे दूध पचत नसल्याची शंका असल्यास ते बंद करून पाहणे, बद्धकोष्ठ असल्यास ते हटवणे आणि श्वासपटलाकडे लक्ष देणे हे आधी करून, मगच प्रतिजैविकाचा एकच, मुदतबंद कोर्स योजावा.