स्विचवर पपेट टाकायचंय? आधी हे ऐका

आज स्विचवर पपेटचा एजंट कसा बसवायचा ते बोलू. सर्व्हरवर आपण तो डोळे झाकून टाकतो. स्विच म्हटलं की हात थरथरतात, आणि थरथरायलाच हवेत. एक सर्व्हर पडला तर एकच पडतो. रॅकचा स्विच पडला तर खालचे सगळेच गेले ना!

मी अरिस्टाच्या स्विचबद्दल सांगतोय. त्याची ईओएस म्हणजे आतून लिनक्सच. बॅश उघडलं की माहेरी आल्यासारखं वाटतं. पण गंमत इथेच आहे. या लिनक्सची मूळ फाइलसिस्टिम रॅममध्ये असते, टिकतं ते फ्लॅशवरचं. नेहमीसारखं आरपीएम टाकून मोकळे झालात तर एजंट छान चालेल... पुढच्या रीबूटपर्यंत!

म्हणून एजंट 'एक्स्टेन्शन' म्हणून टाकायचा. स्विक्स फाइल स्विचवर आणा, 'एक्स्टेन्शन' कमांडने इन्स्टॉल करा, मग 'इन्स्टॉल्ड-एक्स्टेन्शन्स' हे 'बूट-एक्स्टेन्शन्स'वर कॉपी करा. ही शेवटची कॉपी झाली तरच एजंट रीबूटनंतर परत उभा राहतो.

तरी एक उरतंच, सर्टिफिकेट. ते रॅममध्ये राहिलं तर रीबूटनंतर एजंट नवी की बनवतो, सर्व्हरकडे त्याच नावाचं जुनं सर्टिफिकेट असतं, आणि दोघांचं जुळत नाही. स्विच चालू, ट्रॅफिक चालू, फक्त कॉन्फिग येणं बंद. कुणाला पत्ताच नाही! तेव्हा सर्टिफिकेटचा फोल्डर फ्लॅशवर ठेवा. एनटीपी लावा, घड्याळ मागे असेल तर सर्टिफिकेट चालत नाही. मॅनेजमेंट पोर्ट वेगळ्या व्हीआरएफमध्ये असेल, तर तिथून सर्व्हरचा 8140 पोर्ट लागतोय का तेही बघा.

आता तुम्ही म्हणाल, एवढी कटकट कशाला, अॅन्सिबल आहे की! बरोबर आहे. त्याला एजंट लागत नाही. दहा-बारा स्विच असतील तर मीही तेच वापरेन. एजंटचा फायदा असा, की तो स्वतःहून दर 30 मिनिटांनी तपासतो आणि कुणी काही बदललं असेल तर पूर्ववत करतो.

आणि धोकाही नेमका तोच. रात्री दोनला ऑन-कॉलवरच्या पोरीने हाताने व्हीलॅन बदलून लाइन चालू केली, की पुढच्या फेरीत एजंट तो बदल पुसणार. म्हणून सुरुवातीचे काही दिवस 'नूप' मोडवर चालवा. काय बदलणार ते दिसतं, बदलत काहीच नाही. आणि 'पपेट एजंट डिसेबल' ही कमांड ऑन-कॉलच्या कागदावर सगळ्यात वर लिहा, कारणासकट. कारण लिहिलं की सकाळी येणाऱ्याला कळतं, की एजंट बंद पडला नाहीये, कुणीतरी मुद्दाम थांबवलाय.