काटा जे सांगत नाही



स्थूलतेचा निवाडा आपण बहुधा वजनाच्या काट्यावर सोपवितो. परंतु मेद आणि स्नायू यांतील भेद काट्याला कळत नाही. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या संशोधकांनी स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. शरीरातील मेद मात्र याज्ञिकांचा २१.२ टक्के, तर युडकिन यांचा ९.१ टक्के भरला.

तात्पर्य, सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या उदरातही मेद साठलेला असू शकतो. तो इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणतो आणि मधुमेह व हृदयविकार यांना वाट करून देतो. म्हणूनच कमरेचा घेर भारतीय पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांपलीकडे जाणे धोक्याचे मानले जाते.

मग उपाय कोणता? डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांची पाहणी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत असे. त्या वाहकांना व्यायाम कोणी सांगितला नव्हता; त्यांचे कामच व्यायाम होते. आपल्यापैकी अनेकांच्या कामातून तो हद्दपार झाला आहे; तो प्रयत्नपूर्वक परत आणावयास हवा. आठवड्यातून किमान १५० मिनिटे झपझप चालावे. काटा फारसा खाली आला नाही, तरी हृदयाला त्याचा लाभ होतोच.