मागितलेली जाहिरात आणि न मागितलेली

गेल्या सत्रात नववीच्या मुलांना मी ‘माझा आवडता खेळ’ हा निबंध लिहावयास दिला होता. क्रिकेट होते, फुटबॉल होता, आणि अपेक्षेप्रमाणे मोबाइलवरील खेळही पुष्कळ होते. त्यांतील एका वहीत पुढील वाक्य आढळले: ‘माझा गडी मेला की मी तीस सेकंदांची जाहिरात पाहतो आणि तो पुन्हा जिवंत होतो.’ दर रविवारी मिस्सेला जाणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला पुनरुत्थान इतके स्वस्त झाल्याचे ठाऊक नव्हते. लाल शाईची खूण कोठे करावी तेही कळेना, कारण वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध होते.

मधल्या सुटीत त्या मुलाला बोलावून विचारले, ‘‘काय रे, या जाहिरातींचा तुला राग येत नाही?’’ तो म्हणाला, ‘‘सर, ही तर मी स्वतः मागतो. न मागता येते, तिचा राग येतो.’’

व्हिडिओ गेममधील जाहिरातींविषयी खेळणाऱ्यांच्या मनात काय असते, याचे मर्म मला या उत्तरात सापडले. पुढे मी जे सांगणार आहे, ते त्याचेच भाष्य समजावे.

खेळात जाहिरात शिरली ती काल-परवा नव्हे. १९७८ साली अमेरिकेत स्कॉट ॲडम्स यांनी ‘ॲडव्हेंचरलँड’ नावाचा संगणकावरील खेळ काढला. त्यात चित्रे नव्हती, सारा कारभार शब्दांचा. आणि त्या शब्दांतच त्यांनी आपल्या पुढच्या खेळाची जाहिरात घातली होती. पुस्तकाच्या मलपृष्ठावर त्याच लेखकाच्या आगामी कादंबरीची घोषणा असते, तशातलाच हा प्रकार. पुढे १९८२ मध्ये जपानच्या नामको कंपनीचा ‘पोल पोझिशन’ हा मोटारशर्यतीचा खेळ आला. त्यातील मार्ग जपानमधील फुजी येथील खऱ्या शर्यतमार्गावर बेतलेला होता, आणि त्याच्या कडेच्या फलकांवर पेप्सी, कॅनन अशी खरीखुरी नावे झळकत. खेळणाऱ्याला त्यात वावगे काय वाटावे? खऱ्या शर्यतीच्या मार्गावर असे फलक असतातच. ते नसते तर तो मार्ग खोटा वाटला असता.

आमच्या गावी फेस्ताच्या दिवसांत फुटबॉलचे सामने होतात. मैदानाभोवती दोरीला बांधलेले कापडी फलक असतात: एखादा बेकरीचा, एखादा हार्डवेअरच्या दुकानाचा, एखादा परदेशी गेलेल्या गावकऱ्याच्या शुभेच्छांचा. ते सारे काढून टाकले तर मैदान मोकळे दिसेल हे खरे, पण सामना फेस्ताचा वाटणार नाही. फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्येही मैदानाच्या कडेला असेच फलक असतात. चेंडू पायाशी असताना फलक वाचायला फुरसत कुणाला? पण त्यांचे तेथे असणे डोळ्यांना सवयीचे असते.

येथपर्यंत फलक एकदा रंगवला की रंगवला. इंटरनेट आल्यावर तो दुरून बदलता येऊ लागला. २००८ साली अमेरिकेतील अध्यक्षपदाच्या निवडणुकीत बराक ओबामा यांच्या प्रचारकांनी ‘बर्नआउट पॅरडाइज’सारख्या खेळांतील फलक विकत घेतले. मुदतपूर्व मतदान सुरू झाल्याची सूचना त्यांवर होती, आणि ती निवडक दहा राज्यांतील खेळाडूंनाच दिसावी अशी योजना होती. आपल्यासमोर कोण उभे आहे हे फलकाला कळू लागले, ही गोष्ट खरे तर विचार करण्यासारखी. तथापि फलक अजून रस्त्याच्या कडेलाच उभा होता. गाडी अडवीत नव्हता.

गाडी अडवली गेली ती २०२० साली. ऑगस्टमध्ये ‘यूएफसी ४’ हा कुस्ती-मुष्टियुद्धाच्या धर्तीचा खेळ बाजारात आला. लोकांनी तो पुरते पैसे मोजून घेतला. काही आठवड्यांनी त्यात, एखादा निर्णायक ठोसा पुन्हा दाखवण्याच्या क्षणी, पडदाभर एका दूरचित्र-मालिकेची जाहिरात येऊ लागली. खेळणाऱ्यांनी असा काही गहजब केला की ईए कंपनीने ती जाहिरात बंद करून क्षमा मागितली. या क्षमायाचनेपेक्षा कंपनीचा खुलासा मला अधिक बोलका वाटतो. तिचे म्हणणे असे की, जाहिराती पूर्वीही होत्या, पण त्या मुख्य यादीच्या पानावर किंवा आखाड्याच्या फरशीवर असत. म्हणजे फरशीवरचे नाव वर्षानुवर्षे सहन केलेल्या त्याच मंडळींनी पडद्यावरचे नाव मात्र काही दिवसांतच हटवावयास लावले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘एनबीए टू के २१’ या बास्केटबॉलच्या खेळात सामन्यापूर्वी टाळता न येणारी जाहिरात दिसली. तेथेही ओरड झाली, आणि ती जाहिरात त्या जागी यावयाची नव्हती अशी कबुली मिळाली. २०२१ च्या जूनमध्ये फेसबुकने डोळ्यांवर यंत्र चढवून खेळावयाच्या ‘ब्लॅस्टन’ या खेळात जाहिरातींचा प्रयोग जाहीर केला. खेळणाऱ्यांचा रोष पाहून त्या खेळाच्या निर्मात्यांनी काही दिवसांतच अंग काढून घेतले. तोही विकत घ्यावयाचा खेळ होता.

एकदा दाम मोजल्यावर पुन्हा वेळही मागितला, की माणसाला फसवल्यासारखे वाटते. याउलट दाम कोण देतो हे आधी उघड असले, की तो कुरकुर करीत नाही. आपल्यातील वडीलधाऱ्यांना रेडिओ सिलोनवरील ‘बिनाका गीतमाला’ आठवत असेल. कार्यक्रमाच्या नावातच दंतमंजन होते, तरी आठवडाभर लोक त्याची वाट पाहत.

फुकटच्या खेळांतील सौदा असाच असतो. नवी मुंबईतील गेमेशन कंपनीचा ‘लुडो किंग’ २०१६ मध्ये आला आणि २०२० च्या टाळेबंदीत घरोघर पोचला. इंग्लंडात स्विंडनला असलेला माझा भाचा आणि येथे घरात अडकलेले आम्ही, रात्री एका पटावर बसत असू. दोन डावांच्या मध्ये जाहिरात येई. तेवढ्यात माझी वहिनी चहाचे भांडे उतरवून येई. जाहिरात कशाची होती हे आम्हा कुणाला सांगता आले नसते.

पण फुकटच्या खेळांत आणखी एक व्यवहार चालतो, आणि तेथे माझी सहनशक्ती संपते. जाहिरात बंद करण्याची फुली मुंगीएवढी असते, कधी ती उशिरा उगवते, आणि तिच्याऐवजी बोट किंचित सरकले की दुसरेच दुकान उघडते. या जाहिराती बहुधा दुसऱ्या खेळांच्याच असतात. एक दुकानदार दुसऱ्याचे गिऱ्हाईक विकत घेतो. त्यांत दाखवलेला खेळ आणि प्रत्यक्ष मिळणारा खेळ यांचा मेळ असेलच असे नाही. ‘होमस्केप्स’ व ‘गार्डनस्केप्स’ या खेळांच्या अशा दोन जाहिराती ब्रिटनमधील जाहिरात-नियामक संस्थेने २०२० साली दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. लहानांच्या साध्या खेळात पैसे लावून खेळावयाच्या रमीची जाहिरात आलेली मी स्वतः पाहिली आहे. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये संमत केला. तोवर किती मुलांनी ते पत्ते पाहून घेतले असतील, कोण जाणे.

जाहिरातदारांचे म्हणणे असे की, मुलाने मागून घेतलेली जाहिरात हा सर्वांत प्रामाणिक प्रकार आहे. वरकरणी ते खरेही आहे. पण गडी नेमका कोठे मरावा, हे खेळ रचणाराच ठरवतो. गडी चटकन मेला नाही तर जाहिरात मागणार कोण?

हे मी त्या मुलाला सांगितले. त्याला ते पटले नाही. ‘‘सर, मी खेळतो चांगला,’’ एवढेच तो म्हणाला. मग मी वाद घातला नाही. एका वहीत दोन रकाने आखून दिले, ‘मागितलेल्या’ आणि ‘न मागितलेल्या’, आणि आठवडाभर खेळताना प्रत्येक जाहिरातीला एक रेघ ओढ म्हटले. सोमवारी त्याने वही आणून दिली. दुसरा रकाना पहिल्याहून लांब होता, याचे मला नवल वाटले नाही. पण पट्टीने नीट आखलेला तिसराही एक रकाना होता. मी दिलेला नव्हता. त्याचा त्यानेच घातला होता, आणि वर लिहिले होते, ‘मागितल्या, पण नको होत्या’.